पाठमोरी

तुळजाबाईंच्या तोंडून एकदा शब्द बाहेर पडला की तो परत घेण्याची रीत त्या घरात नव्हती. दिवाळीला सगळे भाऊबंद पंक्तीला बसलेले असताना त्या म्हणाल्या होत्या, "संध्याला औंदाचं साल दिलं. जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर ठीक. न्हाई तर ती रायफल माळ्यावर." त्यांची सून संध्या मान खाली घालून वाढत राहिली होती. आता निवड चाचणी येत्या रविवारावर येऊन ठेपली होती, आणि संध्याचे छर्रे काही केल्या मध्यावर बसत नव्हते.

संध्याचं माहेर जाफराबादचं. एअर रायफलचं वेड तिला कॉलेजात लागलं, आणि ते अंबडला सासरी आणण्याची मुभा दिली ती तुळजाबाईंनीच. सोयाबीनची पोती ठेवायचं लांबलचक गोदाम त्यांनी रिकामं करवलं, टोकाच्या भिंतीला वाळूच्या गोण्या रचून घेतल्या आणि त्यांच्यापुढे कागदी टार्गेट टांगायला लावलं. नेमबाजीचं जाडजूड जाकीट घातल्यावर डोक्यावर ओढणी ठरत नाही, हे पाहून पहिल्याच सकाळी त्यांनी सांगून टाकलं, "गोदामात ओढणीचं काम न्हाई." भाऊबंदांत कुजबुज झाली, तिकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आणि रोज सकाळी, संध्याच्या डाव्या हाताच्या दाराशी, जिथे वारा लागतो तिथे खुर्ची टाकून त्या स्वतः बसू लागल्या. घरातलं मोठं माणूस हजर असलं की कामाला शिस्त येते, असा त्यांचा पक्का समज होता.

शिस्त आली खरी, पण नेम बिघडला. आधी फक्त घरच्या सरावात छर्रे उजवीकडे जात. पुढे ती खोड जालन्याच्या क्लबातही दिसू लागली. शेवटी तिथले प्रशिक्षक अजमत सर स्वतः अंबडला आले. फौजेतून निवृत्त झालेला, मृदू बोलणारा माणूस.

"डोळे मिटा, बेटा," ते संध्याला म्हणाले. "श्वास सोडा. अंग ढिलं. आता उघडा. नळी कुठं आहे?"

"उजवीकडं गेली, सर."

"मंग ऐका. तुमचं अंग उजवीकडं बघून उभं आहे, आणि हात त्याला जबरदस्तीनं मध्यावर ओढून राह्यले. चाप ओढला की हात सुटतात आणि अंग आपल्या जागी जातं. छर्राही तिकडंच जातो. हातानं ओढू नका. पाय फिरवा."

संध्याने पाय फिरवले, पुन्हा डोळे मिटले, उघडले. नळी मध्यावर होती. छर्रा मध्यावर बसला. पुढचा जरा सरकला, आणि त्याच्या पुढचा थेट उजवीकडे. पावलं कधी जुन्या जागी गेली, हे तिलाही कळलं नव्हतं.

"बराबर उभी करतो, आणि पुन्हा तेच!" अजमत सर हसले. "मावशी, जमिनीत चुंबक पुरलंय का काय?"

"चुंबक न्हाई अन् काही न्हाई. पोरीचं ध्यान ठिकाणावर न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या.

संध्याचे कान लाल झाले.

तेवढ्यात अंगणातून स्वयंपाकाच्या नंदाबाईंनी पापडाचं पीठ दाखवायला हाक मारली. तुळजाबाई उठून गेल्या. पीठ सैल झालं होतं; त्याबद्दल जे बोलायचं ते बोलून त्या परतल्या, आणि दाराशी पोचताच थबकल्या. संध्या त्यांच्याकडे पूर्ण पाठ करून उभी होती. डावा खांदा टार्गेटकडे, पाठीचा कणा ओळंब्यासारखा सरळ. छर्र्यामागून छर्रा मध्यावर जात होता.

तुळजाबाई खुर्चीत बसल्या. बांगड्या किणकिणल्या. संध्याने मान वळवली नाही, पण तिच्या टाचा सरकल्या. इतक्या हलक्या, की पाहणाऱ्याला वाटावं, नुसता भार बदलला. अंग किंचित फिरलं. आता खुर्चीला तिची पाठ दिसत नव्हती, एक बाजू दिसत होती. छर्रा उजवीकडे गेला.

तुळजाबाईंची नजर त्या टाचांवर खिळली. सासूकडे पाठ करायची नाही, हे संध्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही कोणी शिकवलं नव्हतं. नवी नवरी असताना त्या सासूसमोरून उलट्या पावलांनी खोलीबाहेर पडत. ओढणी हुकमाने उतरली होती. हे मात्र पावलांत मुरलं होतं.

"संध्या."

"जी, आत्याबाई."

"पाठ कर माझ्याकडं."

संध्याने रायफल खाली घेतली, पण पावलं जागची हलवली नाहीत.

"ऐकू न्हाई आलं? सगळी पाठ. अर्धी चालायची न्हाई."

अजमत सरांनी संध्याच्या पावलांकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, आणि कपाळावर हात मारला. "या अल्लाह! मी पायच बघून राह्यलो होतो!"

"तुम्ही पायच बघा, सर. खुर्चीचं मी बघते."

"मी मुद्दाम न्हाई करत, आत्याबाई," संध्या कशीबशी म्हणाली.

"मुद्दाम केलं असतंस तर कान धरला असता."

"मावशी," सर चाचरत म्हणाले, "तुम्ही चार दिवस घरात बसलात तर..."

"आणि रविवारी? तिथं हिच्या मागं कोण कोण मोठी माणसं बसतील, त्या सगळ्यांना घरी धाडणार हायेत का तुम्ही? मी इथंच बसणार. तिच्या पाठीला सवय होऊ द्या." मग त्यांनी पदर सारखा केला. "आणि संध्या, रायफल माळ्यावर टाकायचं जे बोलले होते, ते आता धरायचं न्हाई. नाव येवो न येवो. भाऊबंदांना मी सांगते."

संध्याचे खांदे खाली आले. कधीपासून ते आवळून धरले होते, कोणास ठाऊक. तिने पावलं फिरवली, डोळे मिटले, श्वास सोडला. डोळे उघडले तेव्हा नळी जिथे असायला हवी तिथेच होती.

रविवारी जालन्यात तुळजाबाईंनी प्रेक्षकांतली अगदी डाव्या टोकाची खुर्ची निवडली. सबंध स्पर्धेत त्यांना सुनेचा चेहरा एकदाही दिसला नाही. त्यांनी पाहायचं ठरवलं होतं ते पावलांकडे, आणि पावलं अखेरपर्यंत हलली नाहीत. दुपारी फळ्यावर नावं लागली. संध्याचं नाव तिसरं होतं. संघात चौघी जायच्या होत्या.

ती धावत आली आणि पायांशी वाकू लागली.

"पाया मंग पड. तुझ्या वर दोघी कोण हायेत?"

"एक शहागडची हाय. दुसरी इथलीच."

"कशा उभ्या राहतात त्या? बघितलंस?"

"न्हाई, आत्याबाई. मी समोर बघत होते."

तुळजाबाईंनी मान डोलावली. मग त्यांनी पाय पुढे केले.