उलटा टांगलेला नकाशा

मी एक जुनी दुर्बीण आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. आकाशाकडे तोंड करून उभं राहणाऱ्यांना भीती वाटत नाही असा तुमचा समज असेल, तर तो काढून टाका.

माझा जन्म घड्याळांच्या दुकानामागच्या खोलीत झाला. घड्याळजीने एका पिंपावर जाड काचेची तबकडी ठेवली, तिच्यावर दुसरी ठेवली, मध्ये खरखरीत पूड आणि पाणी घातलं आणि पिंपाभोवती फिरत फिरत काचेवर काच घासली. असे चौदा महिने गेले. त्या काचेचा आरसा झाला, तोच माझा डोळा. "अहो, जेवायला येताय, की त्या पिंपालाच ताट वाढू?" असं त्याची बायको रोज विचारायची. पुढे मला नळी बसली, पाय आले आणि मी गच्चीवर गेले, तेव्हा तिने मला 'सवत' म्हणायला सुरुवात केली. पण जुन्या दुलईची खोळ मला तिनेच शिवली आणि रोज तिन्हीसांजेला माझी नळी मऊ फडक्याने तीच पुसायची.

माझी एक खोड आहे. मला सगळं उलटं दिसतं. वरचं खाली आणि खालचं वर. त्यामुळे माझ्याजवळच्या भिंतीवर ताऱ्यांचा नकाशाही उलटाच टांगावा लागतो, तरच तो माझ्यातल्या दृश्याशी जुळतो. तो नकाशा घड्याळजीच्या धाकट्या बहिणीने काढला होता. ती त्याच घरात पुढच्या खोलीत बसून लोकांच्या पत्रिका पाहायची. भाऊ तारे बघणारा आणि बहीण भविष्य बघणारी, त्यामुळे घरात वादाला तोटा नव्हता.

गेली दोन वर्षं दोघांचं भांडण एकाच ताऱ्यावरून चाललं होतं. मुकुटासारख्या अर्धवर्तुळात बसलेल्या ताऱ्यांजवळ तो अंधुकसा असतो. खरं तर ती जोडी आहे. एक म्हातारा, लाल, फुगलेला आणि दुसरा छोटा, पांढरा, पण भलताच जड. मोठ्याचा वायू छोट्यावर ओतला जातो, साठत राहतो आणि सुमारे ऐंशी वर्षांनी त्या साठ्याचा भडका उडतो. मग नुसत्या डोळ्यांना एरवी न दिसणारा हा तारा काही दिवस ठळक दिसतो आणि पुन्हा विझत जातो. तो इतका दूर आहे की आपल्याला त्याची झळ लागत नाही. हे सगळं मी घड्याळजीच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं, तरी रोज त्याच्याकडे टक लावताना मला भीती वाटायचीच. नेमका मी बघत असतानाच तो पेटला तर?

पण तो पेटत नव्हता. अभ्यासकांनी एक तारीख दिली, ती गेली. दुसरी दिली, तीही गेली.

"तुमची तारीख चुकली की तो अंदाज," बहीण म्हणायची, "आणि आमची चुकली की थोतांड."

"आम्ही चूक कबूल करतो."

"कबूल करता आणि पुढची तारीख देता. आम्हीही तेच करतो, दादा."

यात हसण्यासारखं होतं तोवर सगळे हसले. मग वहिनी आजारी पडली. घड्याळजीच्या बायकोला बहीण वहिनी म्हणायची, म्हणून मीही मनात तेच म्हणते. तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरीण म्हणाली, महिन्याभरात शस्त्रक्रिया करून घ्या, म्हणजे काळजी नाही.

त्या संध्याकाळी वहिनी गच्चीवर शेंगा सोलत बसली होती. घड्याळजी माझ्यात डोळा घालून सहज म्हणाला, "या महिनाअखेर फुटतोय बघ, नक्की." तो खाली गेल्यावर वहिनीने नणंदेला विचारलं, "वन्सं, असल्या दिवसांत कापाकापी करून घ्यावी का हो?" बहिणीचं सगळं लक्ष सुईत दोरा ओवण्यात होतं. ती म्हणाली, "नको म्हणतात. नवा तारा दिसून शांत होईपर्यंत अंगाला शस्त्र लावू नये, असं बाबा सांगायचे."

मित्रांनो, दोघंही सहज बोलले होते. वहिनीने त्या दोन वाक्यांची गाठ मारली. आधी तारा फुटेल, मग शांत होईल, मग मी दवाखान्यात जाईन. तिला शस्त्रक्रियेची भयंकर भीती वाटत होती आणि आता त्या भीतीला बसायला पाट मिळाला होता.

महिना संपला. तारा होता तिथेच, तसाच. आणखी चार महिने गेले. बहिणीने हात जोडून सांगितलं, "वहिनी, माझ्या पोथीत या ताऱ्याला घरसुद्धा नाही. मी बोलून गेले." वहिनी म्हणाली, "आता मला बरं वाटावं म्हणून सांगताय." घड्याळजीने आकडे मांडले, चिडला, एकदा रडलाही. तिचं एकच म्हणणं, "फुटू दे ना. तुम्हीच म्हणालात, फुटतोय."

आमच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. पूर्वी वहिनी मला पुसायला एका दमात वर यायची. मग ती पंधराव्या पायरीवर थांबायला लागली. मग अकराव्या. मग नवव्या. मला जिना दिसत नाही, नुसता आवाज येतो. पाऊल वाजायचं थांबलं की मी घाबरून जायची आणि पुन्हा वाजेपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा. शेवटी पावलं यायचीच थांबली. माझ्या नळीवर धूळ बसू लागली.

डॉक्टरीण म्हणाली, "आता महिन्यांच्या गोष्टी करू नका, दिवसांच्या करा."

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर घड्याळजी एकटाच वर आला. त्याने माझं तोंड मुकुटाकडे वळवलं आणि मग भिंतीवरचा नकाशा काढून सुलटा टांगला. मी हबकले. नकाशात आपल्या अंधुक ताऱ्याला लाल वर्तुळ होतं आणि त्याच्या वरच्या बाजूला शेजारचा एक ठळक तारा होता. माझ्यात मात्र तो ठळक तारा खाली दिसतो. नकाशा सुलटा टांगला, की लाल वर्तुळ खाली जातं आणि माझ्यात त्या जागी नेमका तोच दिसतो. रोजचा, साधा, कधीही न भडकलेला तारा. घड्याळजी खोटं बोलणार होता आणि तेही माझ्या तोंडून.

त्याने खाली हाक मारली, "अगं, फुटला!"

अकराव्या पायरीवर स्टूल ठेवलं होतं. तिथे ती किती वेळ बसली ते मला सांगवत नाही. ती वर आली, नणंदेच्या खांद्यावर हात ठेवून. तिने माझ्यात पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, पुन्हा माझ्यात पाहिलं. मग बहीण पुढे झाली. आता सगळं संपलं असं मला वाटलं. तो नकाशा तिच्या हातचा होता, तो कसा टांगतात हे तिला ठाऊक नसणार तर कुणाला? तिने नकाशा पाहिला, भावाचा चेहरा पाहिला आणि डोळा मला लावला.

"फुटला की," ती म्हणाली. "आणि उतरायलाही लागलाय. वहिनी, उद्याच जा."

त्या दिवसापासून घरी पेपर यायचा बंद झाला आणि दुकानातले तिन्ही रेडिओ एकदम बिघडले.

पुढचे अकरा दिवस गच्चीवर कुणीही आलं नाही. खोळ घालून मी अंधारात उभी होते. ती वाचली की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. त्यातून, तारा नेमका आत्ताच खरोखर पेटला आणि दवाखान्याच्या खिडकीतून कुणी तिला दाखवला तर? माझ्या एका खोट्यावर एक माणूस टेबलावर निजलं होतं.

बाराव्या दिवशी बहीण एकटी वर आली. माझ्या खोळीवर तोंड ठेवून ती खूप रडली. "आहे गं," एवढंच म्हणाली. तेव्हा मला कळलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, पण न थांबता. बावीस. मागून घड्याळजी आणि बहीण. वहिनीने फडकं काढलं, माझी नळी पुसली. मग ती भिंतीपाशी गेली, नकाशा काढला आणि पुन्हा उलटा टांगला.

घड्याळजीचं तोंड उतरलं. "तुला कधी कळलं?"

"वीस वर्षं याच्यावरची धूळ झटकतेय," ती म्हणाली. "त्याच दिवशी कळलं."

"मग गेलीस कशी?"

"तुम्हा दोघांचं कधी कशावर एकमत झालंय? त्या दिवशी झालं. म्हटलं, ही दोघं माझ्यापेक्षा जास्त घाबरलीत. मग मला घाबरायला जागाच उरली नाही."

बहीण खाली मान घालून उभी होती. वहिनीने तिच्या हातात फडक्याचं दुसरं टोक दिलं आणि दोघींनी मिळून माझे पाय पुसले.

मित्रांनो, तारा अजून फुटलेला नाही. रोज अंधार पडला की तिघं वर येतात, मला त्याच्याकडे वळवतात आणि मी अजूनही घाबरते. माझी तुमच्याकडे मागणी मोठी नाही. कुठे जुनी दुर्बीण दिसली, तर तिच्या आरशावर बोट फिरवू नका. धूळ तिला चालते, ओरखडा जन्मभर राहतो. आणि घाबरलेल्या माणसाने तुम्हाला काही विचारलं, तर सुईतला दोरा खाली ठेवा, त्याच्याकडे बघा आणि मग उत्तर द्या.