लशीच्या दिवशीचं पाणी

पाण्यात औषध टाकणं म्हणजे पाण्याचा अपमान, असं आमच्या सासऱ्यांचं, आबांचं, ठाम मत होतं. सगळं घर याच विहिरीचं पाणी प्यायलं, कुणाचं काय वाकडं झालं, असा त्यांचा सवाल. पण आमच्या कोंबड्यांच्या शेडमधली पिल्लं हगवणीने दगावत होती, खालचा भुसा कायम ओला राहायचा आणि आत शिरलं की डोळे चुरचुरायचे. शेवटी कोंबड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पाणी तपासून घेतलं आणि टाकीत क्लोरीन टाकायला सांगितलं. पुढच्या खेपेला भुसा कोरडा राहिला, पिल्लं अंगाने भरली. आबांनी ते पाहिलं, नुसतं 'हं' केलं आणि क्लोरीनचा डबा स्वतःच्या ताब्यात घेतला.

मला फार बरं वाटलं. कारभार मुलाच्या हाती गेल्यापासून त्यांना घरात कुणी काही विचारत नव्हतं, ते दिवसभर ओसरीवरच्या खुर्चीत बसून असायचे. आता टाकी घासायची, नळ्या धुवायच्या, कागदाची पट्टी बुडवून तिच्या रंगावरून क्लोरीन किती ते बघायचं, यात त्यांचा दिवस जायचा. नव्याची नवलाई म्हणावी तर ती ओसरेचना. एखाद्या दिवशी पाहुण्याच्या पेल्यातही पट्टी बुडवतील, अशी मला धास्ती होती.

पाण्यातून द्यायची लस जिवंत असते आणि क्लोरीन तिला मारून टाकतं. म्हणून लशीच्या दोन दिवस आधीपासून ते बंद ठेवायचं. हे आबांच्या कानावर घालायचं काम मी नवऱ्यावर सोपवलं आणि तो साफ विसरला. आबांनी आपल्या परीने विचार केला, की आज लस जायची तर पाणी आणखी चोख हवं. त्यांनी सकाळी रोजच्यापेक्षा सढळ हाताने क्लोरीन ओतलं.

मी लस मिसळली. तहानलेली पिल्लं पाण्यावर तुटून पडली. क्लोरीनचा वास येत होता, पण रोजचाच म्हणून लक्ष गेलं नाही. टाकीचं झाकण लावताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पट्टी बुडवली, तर ती गडद झाली. लस फुकट गेली होती आणि ज्या रोगासाठी ती होती त्याची साथ तर शेजारच्या शेडपर्यंत आली होती. डॉक्टरीणबाईंनी फोनवर एकच उपाय सांगितला. आजच नवी लस आणून एकेक पिल्लू हातात धरायचं आणि डोळ्यात थेंब टाकायचा.

आबांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं नवऱ्याने ठरवून टाकलं. या वयात त्यांना कशाला खजील करायचं, डबाही हळूच काढून घेऊ, म्हणाला. मी चिडले. विसरला हा आणि वर दया दाखवणार हा! तरी माझाही पाय निघेना. आबा पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसले तर त्यांना उठवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

तरीही मी सांगितलं. त्यांना आधी कुणी कळवलं नव्हतं, हेही सांगितलं. ते अंगणात ब्रश वाळत घालत होते. ऐकून घेतलं, ब्रश तिथेच ठेवला आणि घरात निघून गेले. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवी लस आली, आम्ही पिल्लं धरायला लागलो. थोड्या वेळाने आबा जुना सदरा घालून आले, पाटावर बसले, एक पिल्लू उचललं आणि अंगठ्याने त्याची मान वळवून डोळा वर केला.

"टाक," मला म्हणाले.

बराच वेळ असंच चाललं. नवऱ्याला राहवेना. तुम्ही आराम करा, तुम्हाला कुणी बोल लावत नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला.

"तू मला सांगणार नव्हतास ना?" आबांनी मान वर न करता विचारलं.

नवरा पुढचं पिल्लू धरायला वाकला.

"ज्याची चूक घरातली माणसं झाकतात, त्याला त्यांनी मोडीत काढलेलं असतं." त्यांनी पिल्लू सोडलं, दुसरं उचललं. "सूनबाईने अजून काढलेलं नाही."

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. थेंब पिल्लाच्या डोळ्याऐवजी त्यांच्या अंगठ्यावर पडला.

"वाया घालवू नकोस," आबा म्हणाले. "नीट टाक."