मखमलीवरची खोटारडी सुई

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. शिवणाची नव्हे हो, होकायंत्रातली! दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत, मखमलीच्या तुकड्यावर माझा मुक्काम असतो. 'हिनं जीव वाचवला' अशी खाली पाटी आहे. ती वाचून कुणी कौतुक केलं, की वाटतं, धरणी दुभंगावी आणि मी तिच्या पोटात जावं.

कारखान्यात मला घडवलं, उत्तर दाखवणाऱ्या टोकाला लाल रंग दिला, तेव्हा मी खरी होते. मग एका मोजणीदारानं मला विकत घेतलं. डोंगर-जंगलं मोजून नकाशे काढायचे, हे त्याचं काम. माणूस भारी कडक! मदतनिसाच्या खिशात साधी किल्ली दिसली तरी ओरडायचा, "लोखंड लांब ठेवा! सुई बिघडली तर जंगलातून काय तुमचा मामा आणणार बाहेर?" आणि मला पुसत म्हणायचा, "डोळे फसवतात, सुई नाही." मी फुशारून जायचे.

पुढे त्याला चाळिशी लागली. बायकोनं चष्म्याला नवं घर आणलं, टच्चकन मिटणारं. झाकणात चुंबक होतं. दुसऱ्यांच्या किल्ल्या हुडकणाऱ्या या शहाण्यानं ते घर माझ्याच शेजारी खिशात ठेवलं. मोठ्या चुंबकापुढं माझं काय चालणार? जंगलापर्यंतच्या प्रवासात माझं लाल टोक कायमचं दक्षिणेकडे फिरलं. मला कळत होतं, पण सुईला तोंड नसतं.

माणसांना तळावर थांबवून तो एकटाच शिखर बघायला निघाला. "जेवायला आलोच," म्हणाला. खिशात मी आणि ते चष्म्याचं घर; जवळ बिस्किटांचा पुडा, काड्यापेटी आणि पत्र्याचा मग, बस्स. ढग उतरले, सूर्य दिसेना. त्यानं मला बाहेर काढलं आणि मी त्याला तळापासून लांब लांब नेलं. ओढा नकाशाच्या उलट वाहताना दिसला, तर हा म्हणतो, "नकाशाच चुकलाय!" पुडा संपला. सदऱ्यात वाळकी पानं कोंबून तो कुडकुडत पडायचा, ओढ्याचं पाणी उकळून प्यायचा आणि लेकीचं नाव घेऊन रडायचा. मी त्याच्या छातीवरच होते. लाज म्हणजे काय, ते मला तिथं कळलं.

एकदाचे ढग फाटले. तो पाहतो तर काय, सूर्य माझ्या पूर्वेला मावळत होता! त्यानं चष्म्याचं घर चाचपलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग मला खिशात कोंबून, ओढा धरून, कधी चालत कधी रांगत तो तळावर पोचला.

"साहेब, कशानं वाचलात?" सगळ्यांनी विचारलं. समोर तेच किल्लीवाले मदतनीस उभे. त्याची जीभ अडखळली. त्यानं मला वर धरलं आणि म्हणाला, "हिच्यामुळं." झालं! मला मखमल मिळाली. वर्षं सरली, तो म्हातारा झाला.

परवा त्याची लेक झाडांचा अभ्यास करायला त्याच जंगलात एकटी निघाली. मला गळ्यात अडकवत म्हणाली, "बाबा, हिनं तुम्हाला आणलं, मलाही आणेल." आई म्हणाली, "ने गं बाई, गुणाची आहे." मी लटलट कापत होते. पोरीला वाटलं, दिशा शोधतेय.

गाडी दाराशी उभी होती. म्हाताऱ्यानं चहाचा कप उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. लेक गाडीत बसली आणि तो अनवाणी धावला. "थांब! ती सुई खोटी आहे."

मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं. आईनं तोंडाला पदर लावला. "अगं बाई! म्हणजे माझ्या त्या घरामुळं...?"

"घरामुळं नाही गं, माझ्या तोऱ्यामुळं."

लेकीनं मला गळ्यातून काढलं. "वाटेत नवं होकायंत्र घेते," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "बाबा, आधी सांगितलं असतंत, तर मी तुम्हाला कमी मानलं असतं का?" त्यानं मला तिच्या हातातून घेतलं.

मित्रांनो, आम्हाला चुंबकापासून जपा, निघण्याआधी सूर्याशी ताडून बघा. आणि आम्ही बिघडलो, तर लाज वाटली तरी लगेच सांगून टाका. तो आणखी एक घोट चहा प्यायला असता, तर गाडी सुटली असती आणि ती पोर माझ्या भरवशावर चालत राहिली असती.