लाभाच्या पुढे दोन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. कांद्याबटाट्याचा नव्हे हं, माणसांचा! कोणी माझ्यावर उभं राहिलं की माझा काटा थरथरतो, पुढे पळतो, मागे येतो. स्वस्थ राहणं माझ्या स्वभावातच नाही. आता दवाखान्याच्या अडगळीत पडलोय, तरी बाहेरून कोणी पाय आपटत गेलं की काटा हलतोच. जित्याची खोड, दुसरं काय!

एक्क्याण्णव साली मी कारखान्यातून निघालो तो थेट नाशिक रोडच्या एका दवाखान्यात आलो. डायलिसिसच्या खोलीच्या दारातच मला जागा मिळाली. ज्यांच्या किडन्या बंद पडल्या, त्यांचं रक्त तिथलं यंत्र धुऊन देई. यंत्राचा तोरा केवढा! पण माझ्यावर उभं राहिल्याशिवाय त्याच्यापर्यंत कोणाला जाता येत नसे. किडनी बंद म्हणजे प्यालेलं पाणी अंगातच साठणार, आणि ते किती साठलं हे सांगणार मी. मोहिनी सिस्टर रोज सकाळी मला पुसायच्या आणि म्हणायच्या, "हा बरोबर, तर पुढचं सगळं बरोबर." मी नुसता फुगून जायचो.

दोन हजार दोन साली गोरक्षभाऊ यायला लागले. लासलगावच्या कांदा मार्केटात ते मापारी होते, म्हणजे माल तोलून मोठ्याने मोजणारे. मंगळवारी आणि शुक्रवारी बायकोला, छायाला, घेऊन पॅसेंजरने यायचे. पहिल्याच दिवशी माझ्यावर पाय ठेवून ते ओरडले, "लाभ!"

सिस्टर दचकल्या.

"घाबरू नका, सिस्टर. आमच्यात मोजताना 'एक' म्हनत नाय. पहिलं माप लाभाचं. लाभ, दोन, तीन..."

सगळी खोली हसली. मला तर भाऊच भेटल्यासारखं वाटलं.

पुढचं मला छायाच्या तोंडून कळलं. भाऊंचे पाय फार वळवळायचे, झोप लागायची नाही. डॉक्टरांना सांगायचं सोडून त्यांनी एका ट्रकवाल्याकडून झोपेच्या गोळ्या घेतल्या. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. मग गोळी नसली की जीव कासावीस व्हायचा. त्यातच एकदा ते मार्केटच्या काट्यावर उभे राहिले. वजन चार किलोंनी वाढलेलं! वजन भरलं म्हणजे माल चांगला, हेच त्या माणसाने जन्मभर पाहिलेलं. लोकही म्हणाले, "काय गोरक्षभाऊ, अंग धरलं की!" झालं, गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला.

"आता कशाला रक्त धुवायचं?" ते म्हणाले.

छायाने हातापाया पडून पाहिलं. "काट्याचं मला नको शिकवू," एवढंच उत्तर.

अहो, ते मांस नव्हतं, पाणी होतं! मंगळवार गेला, शुक्रवार गेला, पुन्हा मंगळवार गेला. प्रत्येक वेळी सिस्टर दाराकडे बघायच्या, आणि मी इथे तळमळायचो. पण मला पाय कुठे आहेत?

शुक्रवारी दोघांनी धरून त्यांना आणलं. तोंड सुजलेलं, जीभ जड. दारावरचा माणूस म्हणाला, "प्यायलाय हा. बाहेर बसवा."

छाया कडाडली, "पिलेले नाय! सकाळपासून मोजायला बसलेत अन् लाभाच्या पुढं जाईनात. असं कधी झालं नाय हो!"

त्यांना कसंबसं माझ्यावर उभं केलं. "लाभ... लाभ... लाभ..." माझा काटा काही केल्या थांबेना. सिस्टरांनी त्यांचे हात पुढे धरायला लावले, तर पंजे सारखे गळून पडत होते. छायाने पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून डॉक्टरांच्या हातात दिली.

डॉक्टर म्हणाले, "रक्तातली घाण मेंदूपर्यंत पोचलीय. किडनी चालत नाही, त्यामुळे गोळ्याही नीट बाहेर पडल्या नाहीत. दोन्हींचा मार एकदम बसलाय."

"शुद्धीवर येतील ना?"

"प्रयत्न करू. पण रक्त एकदम धुतलं तर मेंदूला सूज येईल. आज दोनच तास."

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पाचव्या दिवशी छायाच्या खांद्याचा आधार घेऊन ते माझ्यावर चढले.

"लाभ," ते म्हणाले, आणि गप्प झाले. सिस्टर थांबल्या. छायाचे ओठ हलत होते, पण ती बोलली नाही.

"...दोन," भाऊ म्हणाले. मग घाईघाईने, "तीन, चार!" आणि माझ्यावर उभ्या उभ्याच ढसाढसा रडले.

गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू सुटल्या. मार्केटची मापं मात्र सुटली ती कायमचीच. मोठी मोजणी मध्येच हरवायची. पण नंतर एकही पाळी त्यांनी चुकवली नाही. आणि दर वेळी माझ्यावर उभं राहून ते दहापर्यंत मोजायचे, डोकं जागेवर आहे ना ते बघायला. "दहा" म्हटलं की छाया श्वास सोडायची.

मित्रांनो, मला कोणी पुसत नाही, याची थोडी खंत आहे. पण ती राहू द्या. डायलिसिसची पाळी कोणाला चुकवू देऊ नका, आणि झोपेची गोळी डॉक्टरांनी दिल्याशिवाय घेऊ देऊ नका. घरात कोणाची जीभ जड झाली, शब्द अडखळले, तर "प्यायलाय" म्हणून दार लावू नका. जवळ बसा, मोजायला लावा. आणि मोजणी लाभावरच अडकली, तर दोनची वाट बघत बसू नका, तसेच उचलून दवाखान्यात न्या.