उपाशीपोटी गोळी

आमच्या ह्यांच्या उजव्या पायाचं एक बोट बिडीनं खाल्लं. पायाच्या शिरा आखडल्या, बोट काळं पडलं, शेवटी कापावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं, "मोतीलालजी, बिडी सुटली नाही तर पुढच्या वेळी पाऊल जाईल." बिडी सोडवायच्या गोळ्या दिल्या आणि मला बजावलं, मळमळेल, भलतीसलती स्वप्नं पडतील, चिडचिड होईल, मन फारच खचलेलं दिसलं तर लगेच कळवा.

सगळं तसंच झालं. स्वप्नात धाम नदीचं पाणी घरात शिरायचं आणि हे पहाटे गादी उचलून उभे. चिडचिड तर विचारूच नका. चहा गोड झाला तरी बोलणी मला, फिका झाला तरी मला. मी ऐकून घेत होते, कारण बिडी बंद होती. पण मलाही राग येतो की.

गुरुवारी मी भाजी तोडून शेतातून परतले तर हे अंगणात बसून भडाभडा ओकत होते. चेहरा पांढराफटक. खाटेवर अण्णाजी. ते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, शेजारीच राहतात. आमच्यात बाई भासऱ्यांशी सरळ बोलत नाही. काही सांगायचं तर नवऱ्याला सांगते आणि भासरे ते ऐकतात. लग्न झाल्यापासून मी तेच करत आले.

"गोळी गरम पडली याले," अण्णाजी म्हणाले. "अशा गोळ्याईचे साइड इफेक्ट लई असतात. दे फेकून."

बिडीचे साइड इफेक्ट अण्णाजींना कधी दिसले नाहीत. बोट कापलं तेव्हा तेच पिशवीत मोसंबी आणि खिशात बिडीचं बंडल घेऊन भेटायला आले होते.

मी आत जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "जेवून घेतली होती का?" माझं डोकं सणकलं. पाय बरा व्हावा म्हणून गुरुवारचा कडक उपवास ह्यांना धरायला लावला तो अण्णाजींनीच, आणि हा पहिलाच गुरुवार. भरल्या पोटी घ्यायची गोळी ह्यांनी कोऱ्या चहावर घेतली होती. बाई म्हणाल्या, "गेली ती गेली, आता दुसरी देऊ नका. काहीतरी हलकं खायला घाला आणि संध्याकाळची जेवल्यावर द्या."

मळमळ जरा बसल्यावर मी वरण-भात कालवून बाहेर आणला. तोवर अण्णाजींनी बिडी पेटवून ह्यांच्यापुढे धरली होती. "एक झुरका घे, बरं वाटन." ह्यांचा हात अर्धा उचललेला.

"त्याहिले सांगा," मी ह्यांना म्हटलं, "गोळी उपाशीपोटी घेतली म्हणून ओकारी झाली. आता जेवा."

"उपास मोडला तर पाय जाईन," अण्णाजी म्हणाले.

मग मला राहवलं नाही. मी सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "अण्णाजी, पाय बिडीनं जाऊन राह्यला. उद्या पाऊल कापलं तर याहिले संडासले कोण नेईन? तुमी?"

अण्णाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मोत्या, बायको तोंड वर करून बोलून राह्यली अन् तू ऐकून राह्यला? घे." आणि बिडी ह्यांच्या ओठांशी नेली.

ह्यांनी ती घेतली. पण ओढली नाही, मातीत टाकली आणि चांगल्या पायाच्या टाचेनं चुरडली.

"मले मळमळून राह्यलं, झोप नाई, डोकं फिरून राह्यलं, अन् तुमी माया तोंडापुढं धूर धरता?" हे ओरडले. "खिशात बंडल असन तर माया घरी येऊ नका."

मोठ्या भावापुढे आजवर कधी आवाज न चढवलेला माणूस. अण्णाजी चपला घालून निघून गेले.

मग हे माझ्यावर खेकसले, "भातात मीठ नाई."

मी मीठ आणून दिलं. गोळ्या सुरू झाल्यापासूनची सगळी चिडचिड मी सोसली होती. आज ती पहिल्यांदा योग्य माणसावर निघाली होती. संध्याकाळी जेवण झाल्यावर ह्यांनी आपणहून हात पुढे केला. मी त्यावर गोळी ठेवली.