तारांची अदलाबदल

ताईने काचेवर लोखंडाचा थर चढवला होता. तो इतका पातळ की शेजारी कुणी शिंकलं तर उडून जाईल, अशी तिच्या नवऱ्याची प्रामाणिक समजूत. थरावर विजेचा दाब दिला की चुंबकत्व सैल पडायचं आणि ते मोजणारी रेघ पडद्यावर जे वेटोळं काढायची ते अरुंद व्हायचं. चुंबक विजेच्या मुठीत आला, असा तिचा प्रबंध. तिच्या मार्गदर्शक सरांनी तर ते चारचौघांत सांगूनही टाकलं होतं.

सकाळी चहा निवला तरी ताई कपाकडेच बघत बसलेली.

"झालं काय?" नवऱ्याने विचारलं.

"तारा उलट्या जोडून बघितलंच नाहीये."

"मग जोड की!"

"दाबाची करामत असेल, तर वेटोळं रुंद व्हायला हवं. पण वीज झिरपून थर नुसता तापत असेल, तर उलट जोडूनही अरुंदच. म्हणजे इतकी वर्षं मी शेगडी बनवली."

"बरी आहे की, जागा अडवत नाही," तो म्हणाला आणि तिचा चेहरा बघून मुकाट्याने डबा भरायला उठला.

दुपारी प्रयोगशाळेत प्रबंधाच्या परीक्षक बाई आल्या. वेटोळं बघून त्यांनी चष्मा पुसला. "आणि उलट जोडल्यावर?"

"रुंद होतं," सर म्हणाले. जे व्हायला हवं ते सरांच्या लेखी झालेलंच असायचं. "आधी चहा घेऊ या."

चहात सुटका होती. पण हे 'होतं' उद्या ताईलाच निस्तरावं लागणार होतं.

"सर, ते अजून केलेलं नाही."

घरचं भांडण शेजाऱ्यांना ऐकू गेल्यासारखं सरांनी तिच्याकडे पाहिलं.

तिने तारा बदलल्या. एक निसटली, पुन्हा बसवली. कळ दाबली. पडद्यावर रेघ सावकाश वळू लागली. वेटोळं पुरं झालं.

"अरुंदच," ताई पुटपुटली. मग पडद्याजवळ वाकली. "पण मघाइतकं नाही."

"म्हणजे थर तापतोय आणि दाबही काम करतोय," बाई म्हणाल्या. "दाबाचा वाटा वेगळा काढा, मग बोलवा मला."

"मी तेच म्हणत होतो," सर म्हणाले.

बाहेर येऊन तिने नवऱ्याला फोन लावला.

"काय झालं गं?"

"थोडं खरं निघालं."

"थोडं म्हणजे किती?"

"तेच मोजायचंय आता," ताई म्हणाली आणि परत आत वळली.