तळपायांनी ऐकलेला ढोल

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि डोकं तर सगळे घरीच ठेवून आले होते. लाकडी मंचावर एक बहिरी बाई डोळे बांधून, अनवाणी उभी होती. मागे ढोल वाजला, तिचा हात वर गेला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कानगुरू नावाचा तो भामटा पांढरा कोट झटकत म्हणाला, "आतल्या कानात केसाळ पेशी असतात. त्यांची कॅल्शियमची दारं गंजतात! माझे थेंब म्हणजे किल्ली. आणि दार उघडल्यावर यंत्र म्हणजे त्या किल्लीचा अपमान!"

बाईने आपलं श्रवणयंत्र समोरच्या पाण्याच्या टबात टाकलं. तळाशी अशी कितीतरी यंत्रं बुडालेली होती.

प्रेक्षकांत बसलेल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचा नंबर त्यांच्याच दादाचा होता. छापखान्यातल्या मशीनच्या धडधडाटात त्याचे कान गेले होते. यंत्र काढलं तर रेल्वेचा भोंगाही ऐकू येत नसे. पण मागच्या आठवड्यात याच मंचावर त्याचा हात वर गेला होता. "चिमे, मी ऐकलं गं," असं म्हणून तो रडला होता. आता तो यंत्र मुठीत धरून, चपला काढून मंचाकडे निघाला. ते यंत्र बुडालं की नातवाचे बोबडे बोलही बुडणार होते.

डॉक्टरीणबाई तरातरा मंचावर चढल्या. "चपला कशाला काढायला लावता हो?"

"श्रद्धेपोटी!" कानगुरू म्हणाला.

"मग माझीही थोडी श्रद्धा चालवून घ्या." त्यांनी चार खुर्च्यांच्या जाड गाद्या उचलल्या, एकावर एक रचल्या आणि दादाचे डोळे बांधून त्याला वर उभं केलं. "हं, वाजवा!"

ढोल दणाणला. दादाचा हात खालीच. पुन्हा दणाणला. तो वाट बघत उभा राहिला. मग डॉक्टरीणबाईंनी त्याला फळ्यांवर उतरवलं, ढोलवाल्याला गप्प बसवलं आणि आपली टाच जोरात आपटली. दादाचा हात झटकन वर गेला.

कानगुरू पुटपुटला, "थेंबांचा असर उतरला असेल."

"थेंब पडद्याच्या आत पोचतच नाहीत!" बाई कडाडल्या. "आवाजाने केस हलले की दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी मज्जातंतूला निरोप धाडते. दारं किती उघडायची, यातही शरीरातल्या रसायनांचा हात असतो, याच्या बाटलीचा नाही. आणि मेलेली पेशी माणसात परत उगवत नाही. घरच पडलंय, हा दाराची किल्ली विकतोय!"

दादाने पट्टी सोडली. बहिणीने त्याच्यासमोर पुन्हा टाच आपटली आणि त्याच्या पायांकडे बोट दाखवलं. त्याने वाकून फळ्यांवर तळहात टेकवला.

"मशीन अडकलं की मला असंच कळायचं," तो हळूच म्हणाला. "पायातून. आणि मी त्याला ऐकणं समजलो." त्याचे डोळे पुन्हा भरले, पण यंत्र त्याने टबात टाकलं नाही, कानात बसवलं.

मघाची बाई टबात कोपरापर्यंत हात घालून आपलं यंत्र शोधत होती. डॉक्टरीणबाई लोकांकडे वळल्या. "आशा करा, कोण नको म्हणतंय? पण कुणी चमत्कार दाखवला की आधी पायाखालची फळी काढून बघा."

कानगुरू मागच्या दाराने सटकला. त्याच्या पळण्याचा आवाज सगळ्यात आधी दादाच्या तळपायांनी ऐकला.